जळक्या झाडाचा ठेका : मजुरी वजनावर नको

माघ सरून फाल्गुन लागला की शिरूर व दौंड तालुक्यांतील माळराने, गायराने व टेकड्यांवरील गवत पार वाळून जाते. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात कुसळी गवत पेटण्यास विडीचे एक थोटूकही पुरते. त्याच सुमारास भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात तोडणी झालेल्या फडांतील पाचट पेटविले जाते, आणि ती आग बांध ओलांडून चिंचेच्या, वडाच्या व निंबाच्या बुंध्यांना लागते. गवत थोड्या वेळात जळून विझते. जुने, पोकळ झाड मात्र आतून कित्येक दिवस धुमसत राहते. असे झाड रस्त्यावर वा वस्तीवर कोसळण्याचे भय निर्माण झाले म्हणजे ते पाडण्यास गावातील एखादा धाडसी तरुण पुढे होतो. त्याच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्याच्या कामाचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, याचा विचार फारसा होत नाही. तो व्हावयास हवा.

उभे झाड उक्त्या रकमेने विकत घेण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. व्यापारी नजरेने अंदाज बांधून शेतकऱ्यास रक्कम देतो, आणि तोडणाऱ्या टोळीची मजुरी पुष्कळदा काट्यावर भरेल त्या वजनाप्रमाणे ठरते. हिरव्या, निरोगी बाभळीस हा हिशेब चालून जातो. जळक्या झाडास तो उलटा बसतो. बुंधा पोकळ झाल्याने लाकूड कमी भरते, आणि त्याच पोकळीमुळे धोका वाढतो. जेथे अधिक वेळ देऊन, पाहून-सवरून काम करावयाचे, तेथेच मजुरास घाई करावयास लावणारी ही पद्धत आहे. म्हणून आगीने धरलेल्या झाडाची तोड वजनावर न देता दिवसाच्या ठरीव मजुरीने द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुऱ्हाड धरता येणाऱ्या कोणासही झाड पाडता येते, असे काही जण म्हणतील. निरोगी झाड कसे पडते हे पाहिले म्हणजे या म्हणण्यातील उणीव ध्यानात येते. ज्या बाजूस झाड पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खाच घेतात. मागील काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर घेतात, आणि दोहोंमध्ये जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची पट्टी न कापता राखतात. 60 सेंटिमीटर जाडीच्या बुंध्यास खाच 12 ते 15 सेंटिमीटर व पट्टी 6 सेंटिमीटर होते. ही पट्टी बिजागरीप्रमाणे वळून झाडास ठरलेल्या दिशेने खाली आणते. जळक्या बुंध्यात बिजागरीपुरते धड लाकूडच उरलेले नसते. त्यामुळे काप पुरा होण्यापूर्वीच झाड मोडते, जागच्या जागी फिरते किंवा मागे येते. यांत्रिक करवतीच्या, म्हणजे गावात ज्यास कटर म्हणतात त्याच्या हादऱ्याने वरची सुकी फांदी निसटते ती वेगळीच.

यास्तव कटर सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती फिरून ते वरपासून खालपर्यंत न्याहाळावे. कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा ठोकून आवाज ऐकावा. ढोलीतून धूर येतो काय, मुळाशी राख खचली आहे काय, हे पाहावे. मागे तिरप्या दिशेने निसटण्याच्या दोन वाटा मोकळ्या कराव्यात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसऱ्या कोणासही उभे राहू देऊ नये. वारा असेल तर काम थांबवावे. काही झाडे माणसाने हाती पाडण्याजोगी नसतातच. ती दुरून यंत्राने ओढावीत, अथवा भोवती दोर बांधून रस्ता बंद ठेवावा. अशा झाडास नकार देणाऱ्या मजुरास भित्रा म्हणू नये. त्यास काम कळते असे समजावे.

दिवसाच्या मजुरीने काम रेंगाळते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय असा की, काम देणाऱ्याने व टोळीने मिळून झाड आधी पाहावे, किती दिवस लागतील ते ठरवावे आणि तसे लिहून ठेवावे. लाकडाची किंमत व तोडीची मजुरी हे दोन हिशेब वेगळे धरावेत. जळके झाड काढावयाचे ते लाकडासाठी नव्हे, तर धोका दूर करण्यासाठी. म्हणून मजुरीचा भार झाडाच्या मालकाने उचलावा, मग तो शेतकरी असो, ग्रामपंचायत असो की रस्त्याचे खाते असो.

इतरत्रही अशी रीत आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात वणव्याच्या हंगामात जळकी झाडे पाडण्यासाठी तरबेज तोडणारे ठेक्याने बोलावले जातात. त्यांच्या कौशल्याच्या पायऱ्या ठरलेल्या असून ते जोडीने काम करतात व दिवसाच्या दराने मोबदला घेतात. आपल्याकडेही कूप घेणाऱ्या ठेकेदारांकडून आदिवासी मजुरांची होणारी पिळवणूक थांबविण्यासाठी 1947 साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. तोडणाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या अटींवर काम घ्यावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही.

या कामात पडू इच्छिणाऱ्या तरुणाने आरंभ कटर विकत घेण्यापासून करू नये. पहिला हंगाम जाणत्या टोळीत फांद्या ओढण्यात व जाळरेषा साफ करण्यात घालवावा; आग कशी चालते हे तेथेच कळते. शिरूरमधील वनक्षेत्र जुन्नर वनविभागाकडे व दौंडमधील पुणे वनविभागाकडे आहे. हंगामी कामाची चौकशी तेथील वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांस संरक्षण, पायांस जाड आवरण व मजबूत बूट ही कटरच्या किमतीतच धरावीत. एकट्याने काम कधीही घेऊ नये.

कागदही तितकेच महत्त्वाचे. चिंच, आंबा, जांभूळ यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाप्रमाणे आधी परवानगी लागते. झाड जळले म्हणून ती आपोआप मिळत नाही. मजूर लावणाऱ्या ठेकेदाराने विमा उतरवावा. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने झाडे तोडणारा व वणवा विझविणारा या दोघांनाही भरपाईस पात्र कामगारांत धरले होते. तो विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील धोकादायक झाडांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि ठेका लिहिताना मजुरीचे कलम स्वतः वाचावे. वनक्षेत्रात वणवा दिसताच 1926 या क्रमांकावर कळवावे. शेतकरी बंधूंनी पाचट न जाळता त्याची कुट्टी करून ते सरीत आच्छादन म्हणून ठेवावे, आणि बांधावरील झाडांच्या बुंध्याभोवतीचे गवत व पाला काढून टाकावा. झाड जळलेच नाही तर ते पाडण्यासाठी कोणाच्या मुलास जीव धोक्यात घालावा लागणार नाही. तरीही जेथे पाडावे लागेल, तेथे त्याच्या सावधपणाचेच दाम त्याच्या हाती पडले पाहिजे.