आधी झाडू, मग कीर्तन

हल्ली आमच्या जगण्यावर तिकीट लावून व्याख्यानं होतात. विषय ठरलेले. 'शाश्वत जीवनशैली', 'गरजा कमी करा', 'जंगलात तगून कसं राहावं'. बोलणारा हुशार असतो, वाचलेला असतो आणि मुख्य म्हणजे विनोदी असतो. दर दोन मिनिटांनी हशा पिकतो. लोक पोट धरून हसतात, घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी नळ सोडून दात घासतात.

माझं भांडण हशाशी नाही. रडकं तोंड करून सांगितलेलं शहाणपण आमच्या गावानंही कधी ऐकलं नाही. भारुडातला विंचू चावलेला माणूस उड्या मारतो तेव्हा पोरंसोरं हसतात, आणि त्या हसण्यातनंच काम-क्रोधाचा विंचू कुठं डसतो ते म्हाताऱ्यांना कळतं. तमाशातला सोंगाड्या पाटलाला पाटलासमोर टोचतो. तेव्हा हसवून सांगावं, जरूर सांगावं. पण हशा कुणाच्या जिवावर पिकतो, हे विचारायला नको का?

मी अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला. एका अंगाला हरिश्चंद्रगड, दुसऱ्या अंगाला कळसूबाई, मध्ये भंडारदऱ्याचं धरण. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीकडं असा पाऊस कोसळतो, की चार-चार दिवस चुलीचा धूर घराबाहेर निघत नाही. आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या वाड्या-पाड्यांच्या बाया हंडा घेऊन झरे धुंडतात. धरण १९२६ सालचं. पाणी प्रवरेतनं खाली जातं, तिकडं ऊस पिकतो. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही.

माझी आज्जी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची. वाकळ फाटली की तिचं पोतेरं व्हायचं, पोतेरं झिजलं की चुलीत जायचं, आणि त्या राखेनं भांडी घासली जायची. आज व्याख्यानात याला 'शून्य कचरा' म्हणतात. आज्जी त्याला काहीच म्हणायची नाही. दुसरं लुगडं घ्यायला पैसा नव्हता म्हणून ती वाकळ शिवायची. तिला कुणी नवीकोरी चादर दिली असती तर तिनं ती नको म्हटली नसती. ती पेटीत घालून ठेवली असती आणि पाहुणे आल्यावर काढली असती.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातनं आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला चव नसायची आणि ती थापताना कडेला चिरायची. पोरांना सुकडी मिळायची. संध्याकाळी आईच्या हाताला फोड आलेले असायचे, ते ती तेल लावून झाकायची. त्या वर्षी जे जगले ते 'कौशल्या'वर जगले असं कुणी म्हणालं, तर मला त्या फोडलेल्या खडीतला एखादा दगड हातात घ्यावासा वाटतो. लोक जगले ते कामामुळं, रेशनमुळं, एकमेकांच्या उसनवारीमुळं. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मागं ही खडी फोडणारी माणसं होती. एकटा वीर चकमकीनं आग पेटवून जगला, अशी एकही गोष्ट मला त्या सालातली ऐकायला मिळाली नाही.

मध्यंतरी तालुक्याच्या गावी असंच एक व्याख्यान झालं. वक्ते शहरातनं आलेले. सुरुवात झकास केली. लाईट गेल्यावर मोबाइलचं चार्जिंग संपत आलेला माणूस कसा वनवासाला निघाल्यासारखं तोंड करतो, याची त्यांनी नक्कल केली. आम्हीही हसलो. मग गाडी हळूहळू वळली. डोंगरातला म्हातारा महिनाभर एकाच धोतरावर कसा राहतो, एका तांब्यात अंघोळ कशी उरकतो, 'सुपरमार्केट' म्हणून रानाकडं कसं बोट दाखवतो. त्याचं बोलणं, त्याचं चालणं, त्याचं नाक शिंकरणंसुद्धा. हशावर हशा. शेवटी वाक्य आलं, की या अडाणी माणसाकडनं शिका, हाच खरा श्रीमंत.

मागच्या रांगेत आमच्या पाड्यावरचे एक ठाकर बाबा बसले होते. अंगावर धोतर तेच, एकच. प्रश्न विचारायला सांगितल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सायब, लई बेस सांगितलं. येकच इचारतो. आमच्या रानात तुमी तंबू ठोकून पोरान्ला जगायला शिकिवता, त्या तंबूचं येका रातीचं भाडं किती?"

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो. वक्तेही हसले, पण भाडं सांगितलं नाही.

मला त्या हशात आणि आधीच्या हशांत फरक दिसतो. आधीचा हशा जो हजर नाही असं समजलं होतं, त्याच्यावर होता. बाबांचा हशा समोर माइक धरून उभ्या असलेल्या माणसावर होता. पहिला फुकट मिळतो. दुसऱ्याला छाती लागते.

या बाबतीत आपल्याकडं एक माणूस होऊन गेला. गाडगेबाबा. शेंडगावचे डेबूजी, जन्म १८७६, देह ठेवला १९५६ मध्ये. १९०५ साली घर सोडलं, आणि डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा घेऊन पन्नास वर्षं गावोगाव फिरले. आजच्या भाषेत सांगायचं तर 'शाश्वत जीवनशैली'वरचे महाराष्ट्राचे सगळ्यात मोठे विनोदी वक्ते. स्वच्छता, कर्ज न काढणं, लग्नात उधळपट्टी न करणं, नवसाला बकरं न कापणं, दारू न पिणं, पोरांना शाळेत घालणं हे त्यांचे विषय. हजारो लोक रात्र-रात्र बसायचे. कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. बाबा भोळ्या तोंडानं विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि आपल्याच उत्तरात अडकून हसायचे. बाबांचं बोट नेहमी समोर बसलेल्यांकडं असायचं. सावकाराकडनं कर्ज काढून सण करणारा तिथंच बसलेला असायचा, आणि तो स्वतःलाच हसायचा. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली बाबांनी डोळ्यांनी पाहिली होती. कर्जावरचा विनोद त्यांनी कुठल्या पुस्तकातनं उचलला नव्हता.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्रम. बाबा गावात आले की आधी खराटा चालायचा. गावातली घाण दिवसा झाडली जायची. कीर्तन रात्री. भाकरी खायची तीसुद्धा काम केल्यावर. ज्यानं तुमच्या दारापुढची गटार सकाळी साफ केली, त्यानं रात्री तुमची टर उडवली तर राग कसा येणार? हसवण्याचा हक्क त्यांनी सकाळीच कमावलेला असायचा. जमलेल्या पैशातनं पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि ते स्वतः तिथं मुक्कामाला खोली अडवून बसले नाहीत.

आजच्या वक्त्यांचा क्रम उलटा आहे. आधी माइक, मग मानधन, मग आमच्याबरोबर फोटो. खराट्याची पाळी येतच नाही.

कुणी म्हणेल, एवढं मनाला का लावून घेता? चार लोक हसले, दोन चांगल्या गोष्टी शिकले, बिघडलं काय? तर काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, अर्धवट विनोद जिवावर बेततो. अशा भाषणांत एक वाक्य हमखास असतं, की रानात काय खावं कळलं नाही तर माकड खातं ते खा. लोक हसतात आणि लक्षातही ठेवतात. काजऱ्याच्या पिकल्या फळाचा गर वानरं खातात, धनेश पक्षीही खातो. त्याच फळाची बी जहाल विष आहे, स्ट्रिक्नीन त्यातनंच निघतं. पहिल्या पावसात शेवळं उगवतात. त्यांची भाजी फक्कड लागते, पण चिंच किंवा काकडाच्या फळांचा आंबट रस घातला नाही तर घशाला अशी खाज सुटते की पाणीही गिळवत नाही. कडू कंद चिरून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय आमच्या बाया तोंडाला लावत नाहीत. हे ज्ञान 'निसर्ग देतो, आपण घ्यायचं' इतकं सोपं नाही. त्याच्या मागं कितीतरी पिढ्यांची पोटदुखी आहे. विनोद करा, पण पाककृती पुरी सांगा.

दुसरं म्हणजे, साप-विंचवावरचे विनोद. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. घोणस किंवा फुरसं चावलं तर जखम कापू नये, तोंडानं विष ओढू नये, आवळून बांधू नये. हातपाय हलू न देता माणसाला लस असलेल्या दवाखान्यात पोचवावं. कोकणात विंचवाच्या दंशानं पोरं मरायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सरकारी दवाखान्यात रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवलं, तेव्हा ते मरण आटोक्यात आलं. रानात तगून राहणं म्हणतात ते हे. त्यासाठी कमरेच्या सुऱ्यापेक्षा आरोग्य केंद्रातला डॉक्टर, फ्रीजमधली लस आणि पावसाळ्यात न खचणारा रस्ता जास्त कामाला येतो. यावर विनोद करायचा तर तो बंद पडलेल्या रुग्णवाहिकेवर करा. आम्ही सगळ्यात पुढं बसून हसू.

तिसरं सगळ्यात वाईट. आमच्या दारिद्र्याला 'श्रीमंती' म्हटलं की ते दूर करायची कुणाची जबाबदारीच उरत नाही. खराच श्रीमंत असेल तर त्याला नळ कशाला, रस्ता कशाला? १९८६ साली आमचा डोंगर अभयारण्य झाला. त्यानंतर हिरडा, लाकूड, गुरं चारणं, सगळ्याला विचारणं आलं. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की रानातलं गौण उपज गोळा करण्याचा हक्क आदिवासींचा आहे. त्या हक्कासाठी कागद घेऊन किती खेटे घालावे लागतात, यावर कुठल्या विनोदी व्याख्यानात एक वाक्य येतं? काजवे बघायला मे-जूनमध्ये गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्यानं डोक्यावर हंडा घेतलेली बाई चालत असते, आणि गाडीच्या उजेडानं तिचे डोळे दिपतात.

आमच्याकडं शिकण्यासारखं काही नाही, असं मी म्हणत नाही. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ऐकताना लोक हसतातही, कारण त्या सरळ बोलतात. पण बी त्यांच्या हातात असतं. ते कुठल्या मातीत येतं, किती पाण्यावर येतं, कुठली कीड सोसतं, हे त्या सांगतात. आपल्या दारिद्र्याची नक्कल करत नाहीत.

तेव्हा वक्ते मंडळींना आमच्या पाड्याचं हे आवतण. या, वैशाखात या. सकाळी झऱ्यावरनं दोन हंडे पाणी आणा, एक आमच्यासाठी, एक तुमच्यासाठी. दुपारी पाणवठ्याचा गाळ काढू, खोरी आमच्याकडं आहेत. संध्याकाळी वनहक्काच्या दाव्याचे कागद वाचून दाखवा, आमच्यातल्या निम्म्यांना ती सरकारी भाषा कळत नाही. मग रात्री बोला, हवं तितकं बोला. आमची थट्टा करा, तुमची करा, सरकारची करा. ठाकर बाबांना पुढच्या रांगेत बसवू.

मानधन नाही. नाचणीची भाकर, ठेचा आणि असलीच तर कुरडूची सुकवलेली भाजी. तंबूचं भाडं आम्ही घेत नाही.