इंजिन बांधण्याआधी

लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अशा गावात जुनी मोटार ही चैनीची वस्तू नसते. रात्री आजाऱ्याला मेहकरला न्यायचे असेल, तर स्वस्तात घेतलेली मारुती ८०० कामी येते. मग उन्हाळ्यात एक दिवस तिचे पाणी संपते, इंजिन तापते आणि जाम होते. चहाच्या हॉटेलात लगेच निकाल लागतो : “गाडीच्या किमतीएवढा खर्च इंजिनालाच येईल. भंगारात द्या!”

मला हा निकाल घाईचा वाटतो. दुसरी जुनी गाडी घेतली, तर तिच्या इंजिनाच्या पोटात काय आहे हे कोणाला ठाऊक? आपले इंजिन मात्र उघडून, मोजून पाहता येते.

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन लहान आहे : तीन सिलिंडर, ७९६ घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर. सिलिंडर झिजला, तर तो बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन बसवतात. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. फार तापले, की ते वाकते. मिस्त्री हेडवर सरळ पट्टी ठेवतो आणि तिच्याखाली फिलर गेजची पातळ पाती सरकवून पाहतो. नको ती पाती आत शिरली, तर हेडला फेस मारावा लागतो. क्रँकची झीज तो मायक्रोमीटरने मोजतो. तुमच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज त्याच जातीचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग परीक्षेत एक-दोन गुण देतो, इथे तो एका कुटुंबाचे हजारो रुपये वाचवतो.

पण पुष्कळदा मालकच म्हणतो, “नुसत्या रिंगा टाका आणि चालू करून द्या.” माझा विरोध आहे तो याला. पाणी संपले कशाने? रेडिएटर गळत होता, की पाण्याचा पंप? पंखा फिरत होता का? हे पाहिले नाही, तर नव्या रिंगाही पुढच्या उन्हाळ्यात जळतील. ‘दुरुस्त’ हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दुरुस्त म्हणजे बरोबर, योग्य. गाडी सुरू झाली म्हणजे ती दुरुस्त झाली, असे नव्हे.

प्रत्येक गाडी वाचवावी, असेही मी म्हणत नाही. गाडीचा तळच गंजून गेला असेल, तर इंजिनावर पैसा घालू नये. कागदपत्रेही आधी पाहावीत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी तपासणीत उतरणार नसेल, तर नवे पिस्टन काय कामाचे?

मिस्त्री इंजिन उघडतो, धुतो, मोजतो आणि दोन दिवस मागतो. त्या दोन दिवसांत एकही नवा भाग बसत नाही, म्हणून मालकाला ते फुकट गेल्यासारखे वाटतात आणि मजुरी देताना तो तेवढ्यावरच घासाघीस करतो. माझ्या मते त्या दोन दिवसांची मजुरी आधी द्यावी.