गेमिंग पीसी घ्यायचाय? आधी नेमप्लेट वाचा



दिवाळीच्या आधी आणि दहावीच्या निकालानंतर, वर्षातून दोनदा मला एकच प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगं गेमिंग पीसी मागतंय. काय करू?" विचारणारे बहुतेक पालक भोसरी, तळवडे नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत कामाला असतात. बोनसचे पैसे हातात आलेले असतात किंवा येणार असतात. प्रश्नाच्या सुरात मात्र अर्धी काळजी आणि अर्धा राग. गेमिंग म्हटलं की त्यांना मोबाईलवरची रमी आणि बुडालेले पैसे आठवतात.

आधी ही गल्लत दूर करू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. तुमचा मुलगा मागतोय ते वेगळं आहे. तो किती तास खेळणार, अभ्यासाचं काय, हे प्रश्न खरेच आहेत, पण ते घरात बसून सोडवायचे आहेत आणि त्यासाठी पीसी वाईट असण्याची गरज नाही. मला आज दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय. घ्यायचं ठरलंच, तर तीस-चाळीस हजार रुपये जातात कुठे? माझं मत सांगतो: तयार 'गेमिंग सेट' विकत घेऊ नका आणि मुलाला सरळ नाहीही म्हणू नका. पार्ट त्यालाच निवडायला लावा, आणि प्रत्येक पार्ट का निवडला ते वहीत लिहायला लावा.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा एका दुकानाचं कोटेशन घेऊन आला. वडील भोसरीत सीएनसीवर सेटर. बजेट पस्तीस हजार, कोटेशन बत्तीस हजारांचं, म्हणजे तीन हजार वाचत होते. त्यावर लिहिलं होतं: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, मॉनिटर. वाचून कुणालाही वाटेल, अरे वा, सगळंच मोठं आहे! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं, खोटं का सांगू.

मग मी त्याला म्हटलं, या प्रत्येक शब्दापुढचा पूर्ण मॉडेल नंबर दुकानातून लिहून आण. दोन दिवसांनी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन ३७७०. हा प्रोसेसर २०१२ सालचा. इंटेलच्या नावात 'सेव्हन' हा आकडा फक्त त्या पिढीतला दर्जा सांगतो, पिढी कोणती ते पुढच्या आकड्यांवरून कळतं. ३७७० म्हणजे तिसरी पिढी. २०२२ मध्ये आलेला साधा आय-थ्री १२१०० बाराव्या पिढीचा आहे. कोअर दोघांनाही चारच, तरी वेगात तो या आय-सेव्हनला आरामात मागे टाकतो. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच: मारुतीचं टॉप मॉडेल म्हणून कुणी २०१२ ची गाडी दाखवली, तर आपण आधी आरसी बुक मागतो ना? तसं इथे पिढी विचारायची.

शिवाय जुन्या प्रोसेसरबरोबर जुना मदरबोर्ड येतो. त्याच्यावर एच-६१ चिपसेट होता. रॅम डीडीआर-३ जातीची, जी पुढे कुठल्याच नव्या बोर्डात बसत नाही. नव्या पद्धतीची एनव्हीएमई एसएसडी लावायची खाच नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळपास नाहीतच, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या व्हॅलोरंटसाठी हा मुलगा अडून बसला होता, तो खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालू होत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी घ्यायचं तेच चालणार नाही.

ग्राफिक्स कार्ड निघालं जीटी ७३०. हे २०१४ चं. '४ जीबी' हा आकडा मोठा दिसतो, पण ती फक्त कार्डावरच्या मेमरीची साठवण आहे. टेम्पोचा हौदा मोठा केला म्हणून इंजिन मोठं होत नाही. आजच्या काही प्रोसेसरमध्ये आतच असलेलं ग्राफिक्स या कार्डापेक्षा चांगलं चालतं.

आता एसएमपीएस. या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच, म्हणून जरा थांबतो. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. शक्ती बरोबर विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे सूत्र आपण मुलांकडून घोकून घेतो. एसएमपीएसच्या बाजूला जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर ते छापलेलं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट होतं आणि पट्टीवर १२ व्होल्टला १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. संपलं! आरएक्स ६६०० सारखं मध्यम कार्ड १३२ वॉट घेतं, प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा असला तरी भार आल्यावर त्याहून जास्त घेतो. वर पंखे, बोर्ड. हिशोब तिथेच बसतो.

मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं आणि त्या पट्टीचा फोटो दाखवला. गृहस्थ दोन सेकंद बघून म्हणाले, "सर, ही तर मोटरची नेमप्लेट आहे. आमच्याकडे असली मोटर स्टोअरवाला आतसुद्धा घेणार नाही." मला जे समजवायला अर्धा तास लागला असता, ते त्यांना आधीच येत होतं. आपल्या भागातले पालक म्हणतात, "आम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही." पण रेटिंग वाचणं, कुठला पार्ट कुठे बसतो ते बघणं, कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे वाचवले तर मशिन बंद पडेल हे ओळखणं, हे तुम्ही रोज शिफ्टमध्ये करता. पीसीची जुळणी म्हणजे याहून फार वेगळं काही नाही.

मग त्याच बजेटमध्ये काय करायचं? दर महिन्याला नाही, आठवड्याला बदलतात, म्हणून रुपये लिहीत नाही. २०२५ च्या शेवटी तर एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅमचे भाव असे भडकले की जुनी कोटेशनं निकामी झाली. विचार कसा करायचा तेवढं सांगतो.

पहिला प्रश्न: ग्राफिक्स कार्ड आजच हवं का? पैसे कमी असतील तर माझं स्पष्ट मत, नको. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या. नावातला शेवटचा 'जी' म्हणजे ग्राफिक्स आत आहे. सहा कोअर आहेत, व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट कमी सेटिंगवर व्यवस्थित चालतात. जीटीए पाचही चालतो, पण पालकहो, त्या खेळाला युरोपच्या वर्गीकरणात १८ वर्षांवरचा शिक्का आहे, तेव्हा नववी-दहावीच्या मुलाला तो द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी देणार नाही. पुढच्या वर्षी पैसे जमले की कार्ड घालता येतं. फक्त एक लक्षात ठेवा. हा प्रोसेसर कार्डाशी जुन्या पीसीआय ३.० वेगाने बोलतो. त्यामुळे ज्या कार्डाला चारच लेन आहेत, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी, ते इथे आणखी मंदावतं. आठ लेनवालं घ्या.

यात रॅमची एक खुबी आहे. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात, आणि आतलं ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. दुकानदार "नंतर दुसरी टाका, जागा ठेवतो" म्हणतो. कार्ड असलेल्या पीसीत ते एक वेळ चालेल, इथे नाही.

दुसरी वाट म्हणजे आय-थ्री १२१००एफ किंवा आय-फाइव्ह १२४००एफ आणि वेगळं कार्ड. इथे 'एफ' अक्षराकडे बघा. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाहीच. कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही. प्रोसेसर आज आणि कार्ड दिवाळीला, असा बेत करून 'एफ' घेतलेले लोक मी पाहिलेत. तोवर नुसता पंखा फिरताना बघत बसायचं.

कार्डात नावाचे घोळ फार. आरटीएक्स ३०५० नावाने ८ जीबीचंही मिळतं आणि ६ जीबीचंही. वाटतं फक्त मेमरी कमी. तसं नाही. ६ जीबीवाल्याची चिपसुद्धा छाटलेली आहे, ते ७० वॉटवर चालतं आणि हळू आहे. उलट ज्याचा एसएमपीएस साधा आहे आणि कार्डाला जोडायची वेगळी वायर नाही, त्याला तेच सोयीचं. म्हणजे वाईट पार्ट असं काही नसतं हो, चुकीच्या जागी बसवलेला पार्ट असतो. सेकंड हँड कार्ड घेताना मात्र जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात आली. चालू करून, अर्धा तास खेळ लावून, पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्या.

आरजीबी दिव्यांना एक रुपयाही नको. कॅबिनेट पुढून जाळीचं आणि फिल्टर असलेलं घ्या. चाकण रस्त्याची धूळ तुम्हाला मी सांगायला नको, आणि घराशेजारी वर्कशॉप असेल तर हवेत लोखंडाचा कीस असतो, तो वीज वाहून नेतो.

बिल पक्कंच घ्या. "बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल" हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी, एसएमपीएसची वॉरंटी, सगळं त्या कागदावर आणि त्यावरच्या सिरियल नंबरवर अवलंबून असतं.

शिक्षक मित्रांनो, आता थोडं आपल्याबद्दल. आपल्याच पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. बाहेरून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा एकत्र जोडून तो केला. हा इतिहास आपण वर्गात अभिमानाने सांगतो, आणि त्याच वर्गातला मुलगा मदरबोर्डचं नाव घेऊन आला की "आधी अभ्यास कर" म्हणतो. मीही म्हणायचो. आता मी त्याला तीन पार्टची तुलना लिहून आणायला सांगतो. मराठीत, कारणांसह. काही मुलांनी निबंधात कधी लिहिली नाहीत इतकी नीट वाक्यं त्यात लिहिली.

आणि हाच पीसी उद्या डिप्लोमाला गेल्यावर कॅडसाठी लागतो. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, फ्रीकॅड आणि ब्लेंडर तर सगळ्यांनाच मोफत. थ्रीडी मॉडेल फिरवायला जे ग्राफिक्स लागतं तेच खेळालाही लागतं. वडील ज्या ड्रॉइंगवरून जॉब लावतात ते ड्रॉइंग मुलाने घरच्या पीसीवर काढलेलं मी पाहिलंय, म्हणून हे बोलतोय.

त्या मुलाचं पुढे काय झालं? ५६००जी, दोन पट्ट्या, ५०० जीबी एसएसडी, आणि १२ व्होल्टला पूर्ण अँपिअर देणारा ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस. मॉनिटर नवा घेतला नाही, घरातला टीव्ही जोडला. जोडणी बापलेकांनी गुरुवारी करायची ठरवली, कारण गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी म्हटलं, अहो, गुरुवारी आपल्याकडे देखभालीसाठी लाइट जाते! तरी त्यांनी सकाळीच सुरुवात केली. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ वडिलांनी मोजून बसवले, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण मुलाने जुळवला. दाब द्यायचा नाही, तो आपोआप बसला पाहिजे, हे वडिलांना सांगावं लागलं नाही.

दुपारी लाइट आल्यावर पीसी लावायच्या आधी वडिलांनी मल्टीमीटर काढून प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं. दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, ते निघालं बावीस. भाड्याच्या खोलीत अर्थिंगची वायर होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती. त्या दिवशी पीसी चालू झालाच नाही. घरमालकाशी बोलून वायरमन आला शनिवारी, आणि रविवारी सकाळी मला फोटो आला. टीव्हीवर विंडोजची निळी स्क्रीन, आणि बाजूला भिंतीवर नवा थ्री-पिन सॉकेट.