सोडलेला घास परत घेऊन पाहा



या सदरात आपण नेहमी वाण, खते आणि किडी यांबद्दल बोलतो. आज ताटाबद्दल बोलू. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. पण शेतावर प्रयोग कसा लावावा हे सांगण्यात माझी उमर गेली, आणि आजचा विषय प्रयोगाचाच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या रब्बीत हरभऱ्यावरील घाटेअळी पाहायला एका गावी गेलो होतो. पाहणी झाल्यावर मालकांच्या घरी चहा झाला. वहिनींनी आम्हाला चहा दिला, स्वतः मात्र घेतला नाही. चेहरा पांढुरका दिसत होता, बोलताना धाप लागत होती. विचारले तेव्हा म्हणाल्या, "साहेब, पोट फुगतं, दुखतं. कशानं होतं तेच कळंना, म्हणून एकेक सोडत गेले."

आधी दूध सोडले. मग कुणी मोबाईलवर ऐकून सांगितले की गहू वाईट, म्हणून गहू सोडला. नंतर तूरडाळ, शेंगदाणे, वांगे आणि हरभराही गेला. दीड वर्षात ताटात उरले काय, तर भात, मुगाचे पातळ वरण आणि कधी अर्धी भाकरी. पोटाला थोडा आराम होता, पण अंगातली ताकद गेली होती.

मी म्हटले, "वहिनी, पीक पिवळं पडलं तर दोष खताचा की पाण्याचा हे बघायला आपण दोन्ही एकदम बंद करतो का?" मालकच हसून म्हणाले, "छे! एक पट्टा बिनखताचा ठेवतो, बाकी सगळं तसंच." मी म्हटले, "मग पोटाच्या बाबतीत तसं का केलं नाही?"

मंडळी, सोसत नाही असा संशय असलेला पदार्थ काही दिवस ताटातून काढून पाहण्याची रीत डॉक्टर लोक फार वर्षांपासून वापरतात. पण त्या रीतीचे दोन भाग आहेत. काढणे हा पहिला आणि परत घेऊन पाहणे हा दुसरा. आपली माणसे पहिल्याच भागावर थांबतात, आणि खरे उत्तर तर दुसऱ्यातच असते.

हॉलंड देशातले उदाहरण पाहा. तिथे डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलांना सतत जुलाब होत आणि ती खंगत जात. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे देशात अन्नाचा दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना ही मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि दुखणेही परत आले. गव्हाशी असलेला हा संबंध त्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात आणि तो आपल्या देशातही आढळतो. गहू गेल्याने संशय वाढला, तो परत आल्यावर खात्री पटली.

आता घरी हे कसे करावे ते सांगतो.

१) आधी आरोग्य केंद्रात दाखवा. जंत, आव, दूषित पाणी यांनीही पोट बिघडते. वजन घटणे, शौचातून रक्त पडणे किंवा शौच काळे होणे, सारखी उलटी, ताप यांपैकी काही असेल तर घरी प्रयोग करू नका. गव्हाचा संशय असेल तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांना सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीविषयी विचारा. गहू सोडल्यावर त्या तपासणीत आजार झाकून जाऊ शकतो.

२) एक आठवडा काहीही न सोडता वहीत लिहा. काय खाल्ले, किती वाजता, त्रास केव्हा झाला. फवारणी कोणत्या दिवशी केली तेही लिहा. फवारणीच्या दिवशी मळमळ झाली तर दोष भाकरीचा नसेल. तेव्हा तडक दवाखाना गाठा.

३) वही पाहून एकच पदार्थ निवडा आणि दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवा. बाकी जेवण घरचे, साधे आणि पोटभर असू द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, वरण, दोडका, दुधी, पालेभाजी, फळे. पाकिटातले पदार्थ या दिवसांत नकोत. बिस्किटात मैदा असतो आणि बहुधा दुधाची भुकटीही. फरसाणात बेसन आणि शेंगदाणे असतात. बाजारच्या हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. गहू बंद म्हणजे रवा, मैदा आणि शेवयाही बंद. दूध बंद म्हणजे चहातलेही बंद.

४) चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर तो पदार्थ निर्दोष समजा आणि पुन्हा खायला लागा. फरक पडला तर तो मुद्दाम परत घ्या. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग तीन दिवस तो बंद ठेवून लिहीत राहा. त्रास परत आला तर काही दिवसांनी आणखी एकदा पडताळा. एका हंगामावरून वाणाची शिफारस आपण करत नाही, तसेच हे.

५) लग्नसराई, सणवार आणि सुगीची घाई टाळून दिवस निवडा. उपवासाचा महिनाही नको. उपवासात भाकरी-वरण जाते, साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा येतो. एकदम चार गोष्टी बदलल्यावर हिशेब कसा लागणार?

आता सर्वांत महत्त्वाची ताकीद. एखादा पदार्थ खाल्ल्यावर कधी ओठ-जीभ सुजली असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास अडकला असेल किंवा चक्कर आली असेल, तर तो पदार्थ घरी कधीही परत घेऊन पाहू नका. थोडासुद्धा नाही. त्याने जीव जाऊ शकतो. ते काम दवाखान्यातले.

ही रीत मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, थकलेली म्हातारी माणसे यांच्यावर ती करू नये. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बदलू नये. जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले तर रक्तातली साखर एकदम उतरते.

वहिनींचे पुढे काय झाले ते सांगतो. आरोग्य केंद्रात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोडलेले पदार्थ एकेक करून परत घ्यायला सांगितले. दोन महिने त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत रोज लिहिले. तूरडाळ आली, काही झाले नाही. वांगे आणि शेंगदाणे आले, त्यांनीही काही झाले नाही. गव्हाची तपासणी चांगली आली, पोळीही सोसली. हरभराही निर्दोष निघाला. दूध घेतले मात्र, आणि दोन्ही वेळा पोट फुगले.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे द्रव्य मोठेपणी बऱ्याच माणसांत कमी होते. दही लागताना विरजणातले जिवाणू त्यातली काही साखर फस्त करतात, म्हणून अशा पुष्कळ लोकांना दही-ताक सोसते. वहिनींनाही ताक सोसले. सहा पदार्थ सोडून वर्ष-दीड वर्ष अशक्तपणात काढले, आणि दोषी एकच निघाला, तोही अर्धाच!

दूध ज्यांना बंदच ठेवावे लागेल त्यांनी नाचणी खावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. काढलेल्या पदार्थाच्या जागी दुसरा आलाच पाहिजे, नाहीतर जमीन कसदार राहत नाही आणि शरीरही नाही.

परवा त्याच घरी पुन्हा गेलो. वहिनी पाठीवर पंप बांधलेल्या माणसांना हाक मारून जेवायला बोलावत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, हात धुऊन बसा. आज पिठलं-भाकरी आहे, आणि मीपण जेवणार आहे."

तुमच्या घरातही कुणी काही सोडले असेल तर आज जेवताना विचारा, कधीपासून आणि कशावरून? उत्तर नुसते ऐकीव असेल तर वही काढा आणि एकदा आरोग्य केंद्रात जाऊन या.



आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)