दणका बसण्याआधी जागे व्हा

आधीच्या निवडणुकीतील पीछेहाटीवरून सत्ताधाऱ्यांच्या पुढच्या पराभवाचे भाकीत करणे चूक आहे, असे आमचे ठाम मत आहे. पालिकांच्या निकालांवरून २०२९च्या निवडणुकीची गणिते मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जून २०२४ मध्ये सत्ताधारी महायुतीला राज्यातील लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, धुळ्यात तिचे उमेदवार डॉ. सुभाष भामरे ३,८३१ मतांनी पडले. त्याच महिन्यात अर्थसंकल्पात दरमहा १,५०० रुपयांची ‘लाडकी बहीण’ योजना आली. नोव्हेंबरमध्ये महायुतीने विधानसभेच्या २३० जागा जिंकल्या. चाळीसगावसह जळगाव जिल्ह्यातील अकराही जागा तिच्या पदरात पडल्या.

दणका बसल्यावरच तिजोरी उघडायची, ही सवय मात्र घातक आहे. कापसाचा भाव आणि गिरणेच्या पाण्याचे आवर्तन मतमोजणीसाठी थांबत नाहीत. सरकारने हे प्रश्न आताच मार्गी लावावेत; सावरायला दर वेळी पाच महिने मिळतीलच असे नाही.