डब्यावर नाव तेच, आत माल वेगळा

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय वरवर किरकोळ आहे. हेडफोन. पण माझं पोट त्यावर चालतं, म्हणून लिहितोय.

मी ऑडिओ ऐकून टाईप करण्याचं काम करतो. मुलाखती, बैठका, संशोधकांची रेकॉर्डिंग्ज. पैसे मिनिटाच्या हिशोबाने मिळतात. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारणारा डाव्या कानात असतो आणि उत्तर देणारा उजव्या. एक बाजू गेली की अर्धा माणूसच गायब. त्यामुळे "एका कानाने ऐका की" असं सांगणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

२०१३ साली मी एका कंपनीचा वायरवाला हेडफोन घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. तो सहा वर्षं टिकला. रोजचे सात-आठ तास, उन्हाळ्यात घामाने भिजलेला, दोनदा टेबलावरून पडलेला. गेला तेव्हा वाईट वाटलं, पण राग नाही आला. तेच मॉडेल पुन्हा घेतलं. ते तीन वर्षं चाललं. तिसरा घेतला, तो तेरा महिन्यांत डावीकडून मुका. वॉरंटी बारा महिन्यांची! चौथा पाच महिन्यांत गेला. तो बदलून मिळाला, पण बदलीच्या तुकड्याला उरलेल्या सात महिन्यांचीच वॉरंटी. आता त्याच्याही उजव्या बाजूला खरखर सुरू झालीय.

गंमत बघा, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने तिसरा हेडफोन माझ्याच शब्दावर, त्याच आठवड्यात घेतला होता. त्याचा अजून ठणठणीत आहे. म्हणजे सगळाच माल वाईट आहे असंही छातीठोक म्हणता येत नाही. वाईटच असता तर परवडलं असतं, सोडून दिला असता. इथे दरवेळी लॉटरीचं तिकीट काढल्यासारखं.

जुना मी फेकला नव्हता. परवा दोन्ही किचनच्या काट्यावर ठेवले. जुना १९० ग्रॅम, नवा १६२. हलका झाला तर बरंच की, असं वाटेल. म्हणून दोन्ही घेऊन पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी समोर उघडून दाखवले. जुन्यात डोक्यावरच्या पट्टीत धातूची पट्टी, नव्यात नुसतं प्लास्टिक. जुन्यात वायर आत शिरते तिथे तिला नीट गाठ मारून अडकवलेली, म्हणजे ओढ बसली तरी ती डागाला लागत नाही. नव्यात गाठच नाही, वायर थेट डाग दिलेल्या जागेवर लोंबतेय. काका म्हणाले, "ही गाठ मारायला दहा सेकंद लागतात हो." तारांवर लाखेसारखा थर असतो, तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. तो नीट जाळला गेला तर हेडफोन टिकतो, नाही तर काही महिन्यांत संपर्क सुटतो. माझा गेला आणि मित्राचा राहिला, याचं उत्तर बहुधा इतकंच आहे.

आता कुणी म्हणेल, स्वस्तातलं घेता आणि रडता. ठीक. महागातलंही बघितलं. स्टुडिओत दिसणारा सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून विकला जातोय. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, त्याची वायर उपसून दुसरी लावता येते, कानाच्या गाद्या बदलता येतात. पण तो मागून उघडा असतो, आवाज बाहेर जातो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात लोकांच्या खाजगी मुलाखती त्यावर ऐकणं शक्य नाही. शिवाय किंमत! वायरलेसचं मला जमत नाही, पॅडलने मागे-पुढे करताना आवाज उशिरा येतो.

तरी वायरलेसमधलं एक उदाहरण इथे कामाचं आहे. सोनीच्या एक्सएम-४ ची घडी होत होती, २०२२ च्या एक्सएम-५ मध्ये ती काढून टाकली, लोक कुरकुरले, २०२५ च्या एक्सएम-६ मध्ये परत आणली. आवडो न आवडो, पण आकडा बदलला होता. गिऱ्हाईकाला कळत होतं की ही वस्तू वेगळी आहे. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. खर्च वाचवायचाय? वाचवा. पण मग डब्यावर तेच नाव, तोच फोटो कशाला? मी दहा वर्षांच्या अनुभवाला पैसे मोजतो आणि हातात पडतो भलताच माल.

डब्यावर एमआरपी असते, महिना-वर्ष असतं, वीस ते वीस हजार हर्ट्झही छापलेलं असतं. ते तर जवळपास प्रत्येक डब्यावर असतं, त्यावरून काडीचं काही कळत नाही. आतली रचना कधी बदलली हे मात्र कुठेच नाही. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, गिऱ्हाईकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय. आपल्याकडे निदान मॉडेलमध्ये बदल केला तर डब्यावर आवृत्ती क्रमांक छापा, एवढी तरी सक्ती करा. याला किती शाई लागते?

दुकानदाराने हात वर केल्यावर मी १९१५ वर फोन केला. हिंदी-इंग्रजीच लागेल असं समजू नका, मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. म्हणून बिलं जपा. माझं तिसऱ्याचं बिल थर्मल कागदाचं होतं, पांढरं फटक झालंय. फोटो काढून ठेवला असता तर आज उपयोगी पडला असता.

कंपनीचा काल मेल आला. "आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात" आणि पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट. तेच मॉडेल घ्यायचं म्हणे. मी सूट नको, लेखी उत्तर द्या म्हणून कळवलंय: रचना बदलली का, आणि कधी?

तोवर काकांनी २०१३ च्या जोडीला नवी वायर लावून दिलीय. ही पोस्ट टाकून झाली की त्यावरच पन्नास मिनिटांची मुलाखत संपवायचीय, उद्या सकाळी द्यायची आहे.