यंत्राचे बाळंतपण कोण करते?

स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवणारे यंत्र बनू शकते, हा विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४८ साली एका व्याख्यानात मांडला. त्यांच्या कल्पनेतले यंत्र सुट्या भागांच्या साठ्यातून हवे ते उचलते आणि आपली प्रतिकृती जोडते. तो साठा कोणी भरला, हा प्रश्न तिथे नव्हता. २००८ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात ‘रेपरॅप’ नावाच्या यंत्राने आपले प्लॅस्टिकचे भाग स्वतः तयार केले. पण मोटारी, सळया, विजेचे सामान बाहेरून आणावे लागले आणि जोडणी माणसांच्याच हातांनी झाली.

‘आपोआप’ या शब्दाआड नेहमी कुणाचे तरी श्रम लपलेले असतात. बायकांना हे सांगायला नको.

साखर कारखान्याचेच पाहा. दर हंगामात त्याला ताजे मजूर आपोआप मिळतात. बीड जिल्ह्यात पालीसारख्या गावांच्या आसपासून दसरा-दिवाळीनंतर जोडपी तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते, पाणी भरते, उद्याचा मजूर वाढवते. हिशेबात मात्र तिचे वेगळे नाव नाही.

या व्यवस्थेत पाळी म्हणजे बिघाड आणि खाडा म्हणजे दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीडचे आकडे आले: पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.  यंत्राने प्रसवावे असे स्वप्न पाहणाऱ्या याच जगात, प्रसवणाऱ्या बाईचा अवयव कामात अडथळा ठरतो!

आता फडात तोडणीयंत्रे येत आहेत. यंत्राला आमचा विरोध नाही. मोळी डोक्यावरून उतरली तर आनंदच आहे. पण यंत्राचे अनुदान आणि मालकी कोणाकडे जाणार? काम गेलेल्या बाईचे काय? ‘कोयता’ म्हणून जिची नोंदच झाली नाही, ती उद्या भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

म्हणून यंत्रे येण्याआधीच आपली मागणी पक्की हवी: बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद, तिच्या हातात तिची मजुरी, पाळी-बाळंतपणात दंडाविना सुट्टी, फडावर पाणी, संडास आणि दवाखाना. गावोगावच्या गटांनी ही नोंद स्वतःच्या वहीत आजपासून सुरू करावी.